बार्सिलोना, साग्रादा फामिलिया आणि ओळंब्यात नसलेले खांब

बुधवार

बार्सिलोनाला जाणार असाल तर साग्रादा फामिलिया हे चर्च पहिल्या दिवशी आतून बघू नका, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगत सुटलेय. बाहेरून बघा, फेऱ्या मारा, हरकत नाही, पण आतलं तिकीट दोन दिवस पुढचं काढा आणि मधल्या वेळात त्याचा आर्किटेक्ट गाउदी याची बाकीची एखाद-दोन कामं बघून घ्या, नाहीतर आत गेल्यावर मान वर करून वॉव वॉव करणार, शंभर फोटो काढणार आणि बाहेर येणार, ते सगळं उभं कसं राहिलंय हा प्रश्नच पडणार नाही. आम्हाला शुक्रवार दुपारचा स्लॉट मिळाला, आणि तेच पथ्यावर पडलं.

आम्ही म्हणजे मी, नवरा आणि बाबा. बाबा म्हणजे माझे सासरे, पीडब्ल्यूडीतून ओव्हरसीअर म्हणून रिटायर झालेले, उभं आयुष्य साताऱ्या-सांगलीकडं शाळा, दवाखाने, रेस्टहाउसं, पूल यांच्या साइटवर काढलेलं. सध्या आमच्याकडं जर्मनीत आलेत. आम्ही उल्मजवळ राहतो, आणि उल्मचं चर्च १८९० पासून जगातलं सगळ्यात उंच चर्च होतं, १६१.५३ मीटर. होतं म्हणायचं, कारण ३० ऑक्टोबर २०२५ ला साग्रादा फामिलियाच्या मधल्या टॉवरवर क्रॉसचा खालचा तुकडा चढवला आणि ती १६२.९१ मीटरवर गेली. आमच्याकडं त्याची बातमी झालीच. बाबांनी फोटो बघितला, त्यातल्या क्रेन बघितल्या, आणि विचारलं, "अजून बांधतायत होय हे?" मग काय, नोव्हेंबरच्या मध्यावर विमानाची बरी तिकिटं दिसली आणि निघालो.

मेट्रो स्टेशन अगदी चर्चच्या पायाशी आहे. हा सगळा भाग १८६० च्या आसपास इल्देफोन्स सेर्दा नावाच्या इंजिनिअरनं आखलेला, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोनी ब्लॉक आणि प्रत्येक ब्लॉकचे चारी कोपरे तासलेले, त्यातला एक अख्खा ब्लॉक म्हणजे ही इमारत. चारी बाजूंनी ट्रॅफिक, बसेस, टूरिस्टांचे जथे, मॅग्नेटची दुकानं. आजूबाजूला मोकळी जागा फारशी नाहीच, त्यामुळं ती एकदम अंगावर येते.

थोडक्यात हिस्टरी, कारण बाबांना पहिल्या फेरीतच ती हवी होती. बोकाबेया नावाचा एक पुस्तकविक्रेता होता, सेंट जोसेफच्या भक्तांची संघटना चालवायचा, त्याच्या डोक्यातली ही कल्पना. प्रायश्चित्ताचं मंदिर, फक्त देणग्यांवर बांधायचं. १९ मार्च १८८२ ला कोनशिला बसली. पहिला आर्किटेक्ट देल व्हियार, त्याचं डिझाइन त्या काळच्या पद्धतीचं सरळसोट निओगॉथिक होतं, त्याचं आणि मंडळींचं वाजलं, तो वर्षभरात सोडून गेला आणि १८८३ मध्ये काम गाउदीकडं आलं. वय ३१. मग तो मरेपर्यंत, म्हणजे १९२६ पर्यंत, हेच करत राहिला, शेवटची दहा-बारा वर्षं तर दुसरं कामच घेतलं नाही. आणि त्याच्या डोळ्यांदेखत पूर्ण झालेला टॉवर किती, तर एक. सेंट बार्नाबसचा, नोव्हेंबर १९२५ मध्ये. एकूण अठरा ठरलेत: बारा प्रेषितांचे, चार शुभवर्तमानकारांचे, एक मेरीचा आणि सगळ्यात उंच मधला येशूचा, ज्याची ठरलेली उंची १७२.५ मीटर. इतकाच का, तर शेजारचा मोन्जुइक डोंगर त्याहून जरा उंच आहे आणि देवाच्या कामापेक्षा माणसाचं काम वर जाऊ नये असं गाउदीचं म्हणणं.

पण बाबांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर परवान्याची गोष्ट. १८८५ मध्ये बांधकाम परवान्याचा अर्ज तिथल्या गावाकडं केला होता, तेव्हा हा भाग सान्त मार्ती नावाचं वेगळं गाव होता. उत्तर आलंच नाही. पुढं गाव बार्सिलोनात विलीन झालं, अर्ज कुठल्या कपाटात गेला देव जाणे, आणि एवढं प्रचंड बांधकाम परवान्याशिवाय चालू राहिलं ते थेट २०१९ पर्यंत. त्या साली महापालिकेनं ४६ लाख युरो फी घेऊन रीतसर परवाना दिला. बाबा फुटपाथवर उभे राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "म्हणजे आपल्या गुंठेवारीसारखंच झालं की. आधी बांधा, मग दंड भरून नियमित करा."

संध्याकाळी मरीना रस्त्याच्या बाजूची बाग गाठली, तिथं तळं आहे, सगळे तिथूनच फोटो काढतात. ही ख्रिस्तजन्माची बाजू, गाउदीच्या हयातीतली. दुपारनंतर ती सावलीत जाते, पण त्यामुळं कोरीव काम नीट दिसतं. खरं सांगू, मला ती पहिल्या नजरेत अतीच वाटली. पानं, पक्षी, देवदूत, कोंबड्या, गाढव, गुहेत लोंबावेत तसे दगडाचे ओघळ, वर हिरवा सुरूचा वृक्ष आणि त्यावर पांढरी कबुतरं, कुठं बघावं कळत नाही. गाउदी मॉडेल म्हणून आजूबाजूची खरी माणसं घ्यायचा आणि जिवंत प्राण्यांचे प्लास्टरचे साचे काढायचा, कोंबड्यांना क्लोरोफॉर्म देऊन. त्यावर माझा उपाय, अख्खं बघूच नका, तुकडा निवडा. दाराच्या दोन्ही बाजूंच्या खांबांखाली कासवं आहेत ती बघा, समुद्राच्या बाजूला समुद्री कासव, पायांऐवजी वल्ह्यासारखे पर असलेलं, डोंगराच्या बाजूला जमिनीवरचं, बोटं-नखं असलेलं. कोणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही.

गुरुवार

आज कोलोनिया ग्युएल. फार लोक इकडं येत नाहीत आणि हीच मोठी चूक. प्लासा एस्पान्याहून लोकल ट्रेन, वीस-पंचवीस मिनिटं, स्टेशनवर उतरलं की रस्त्यावर निळी पावलं रंगवलीत, ती धरून चालत राहायचं. एउसेबी ग्युएल नावाच्या कापड गिरणीमालकानं १८९० मध्ये वसवलेली कामगार वसाहत आहे, विटांची घरं, शाळा, डॉक्टरचं घर. त्याला कामगारांसाठी चर्च हवं होतं, १८९८ मध्ये गाउदीला काम दिलं. आणि गाउदीनं काय केलं, तर दहा वर्षं एक वीटही रचली नाही.

दहा वर्षं तो दोऱ्या लोंबकळत ठेवत बसला. शब्दशः. साइटवर शेड बांधून तिच्या छताला चर्चचं मॉडेल उलटं टांगलं, प्रत्येक कमान म्हणजे एक दोरी, आणि त्या दोऱ्यांना शिशाच्या छर्ऱ्यांच्या बारक्या पिशव्या, वजनाच्या प्रमाणात. मापाचं प्रमाण १:१०, वजनाचं १:१०,०००. एक पिशवी हलवली की सगळी जाळी आपोआप नवीन आकार घेणार. मग त्याचा फोटो काढायचा, फोटो उलटा धरायचा आणि त्यावर चर्च रंगवायचं.

मी हे बाबांना समजावत होते, त्यांना "उलटं कशाला?" इथं अडकायला झालं. मग त्यांनी स्वतःच गळ्यातला चष्मा काढला, चष्म्याच्या दोरीची दोन टोकं दोन चिमटीत धरली, दोरी खाली झुकली. नवऱ्यानं मध्ये किल्ली अडकवली, झोक बदलला. बाबा दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे. दोरीत नुसता ताण. दाब शून्य, वाकणं शून्य. हेच गोठवून उलटं केलं की नुसता दाब, ताण शून्य. आणि दगडाला दाब चालतो, ताण चालत नाही." मी इंजिनिअरिंगला हेच चार लेक्चरांत शिकले होते आणि तरी मला असं सांगता आलं नसतं.

चर्च पूर्ण झालंच नाही. १९०८ ला काम सुरू झालं, १९१४ मध्ये ग्युएलच्या मुलांनी पैसे थांबवले, तोवर फक्त खालचा भाग, म्हणजे क्रिप्ट, झाला होता, वरचं चर्च कधी उभंच राहिलं नाही. पण क्रिप्टच पुरे आहे. आत शिरलं की मधोमध काळ्या बसाल्टचे चार खांब, जेमतेम ठाकठीक केलेले, आणि चारही तिरके. आपल्या सह्याद्रीचाच दगड, काळा बेसॉल्ट, बाबांनी हात फिरवून खात्री करून घेतली. छताला विटांच्या फासळ्या. खिडक्यांच्या बाहेर जाळ्या आहेत त्या गिरणीतल्या टाकून दिलेल्या मागाच्या सुयांच्या केलेल्या, लांब, वाकड्या, गंजलेल्या, जवळ जाऊन बघितल्या तर त्यातून बोट जात नाही. भंगारातून केलेलं असं काम मला जन्माच्या बाजूच्या सगळ्या देवदूतांपेक्षा जास्त आवडलं, हे माझं वैयक्तिक मत.

आत तीन-चार शाळकरी मुलं आणि आम्ही, बाकी कोणी नाही. बाबा बाकावर बसून खांबांकडं बघत होते. म्हणाले, "आम्ही गवंड्याला पहिलं काय शिकवायचो? ओळंबा लाव. खांब ओळंब्यात नसेल तर पाडायला लावायचो. आणि हा बाबा मुद्दाम तिरके घालतो." थोड्या वेळानं, "पण भार तिकडूनच येतोय ना, मग खांब तसाच पाहिजे."

शुक्रवार

तीनचा स्लॉट. विमानतळासारखं चेकिंग, बॅगा स्कॅनरमधून, मग आत. तिकीट फोनवर, ऑडिओ गाइडपण फोनवरच, कानात घालायला स्वतःचे इअरफोन न्या. वर्षाला पंचेचाळीस लाखांवर माणसं येतात आणि आता बांधकाम मुख्यतः या तिकिटांच्या पैशावर चालतं, म्हणजे आपलेही दोन दगड आत लागतातच.

आत शिरल्यावर सगळे जे म्हणतात ते खरं आहे, जंगलात आल्यासारखं वाटतं. पण गुरुवारी क्रिप्ट बघितलेलं असल्यामुळं आम्हाला ते जंगल वाचता येत होतं. खांब सरळ वर जाऊन छताला टेकत नाहीत, मध्येच गाठ येते आणि तिथून फांद्या फुटतात, आणि प्रत्येक फांदी आपापल्या वाट्याच्या छताच्या तुकड्याच्या वजनाखाली बरोबर तिरकी होऊन जाते. म्हणून बाहेरून आधार लागत नाहीत. जुन्या गॉथिक चर्चना भिंतींबाहेर त्या उडत्या कमानींचे टेकू असतात, गाउदी त्यांना कुबड्या म्हणायचा. आमच्या उल्मच्या चर्चला विचारा. इथं कुबड्या नाहीत, सगळा भार खांबाच्या आतूनच जमिनीत जातो.

बाबांनी काय केलं, तर भर चर्चमध्ये चष्मा दोरीला टांगून हात लांब केला, एक डोळा मिटला आणि खांबाला ओळंबा लावून बघितला. सिक्युरिटीचा माणूस आमच्याकडं बघत होता, त्याला वाटलं असेल काहीतरी धार्मिक विधी चाललाय. "कलतोय," बाबा समाधानानं म्हणाले.

खांबांचे दगड वेगवेगळे आहेत आणि ते सजावटीसाठी नाहीत, भाराप्रमाणे आहेत. मध्यभागी, जिथं येशूच्या टॉवरचं ओझं येतं, तिथले चार खांब तांबड्या पॉर्फिरीचे, हा सगळ्यात दणकट. मग गडद बसाल्ट, मग करडा ग्रॅनाइट आणि सगळ्यात हलक्या कामाला मोन्जुइकचा वालुकाश्म. एका खांबाच्या बुडाशी उभं राहून हात फिरवा. तळाला चांदणीसारखा आकार आहे, एक बाहेर फुगलेली कड, एक आत गेलेली खाच, परत कड, परत खाच. हीच चांदणी वर जाताना एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं पिळलीय, दोन पीळ एकमेकांत मिसळल्यामुळं कडा वाढत जातात, आठाच्या सोळा, सोळाच्या बत्तीस, आणि वर पोचेपर्यंत खांब जवळजवळ गोल होतो. नुसतं बघून हे कळत नाही, डोळ्यांना फक्त खांब जिवंत आहे असं वाटतं.

मुख्य भागाचं छत ४५ मीटरवर, मधल्या चौकात ६०, वेदीच्या मागं ७५. छताला जी फुलं किंवा ताडाची पानं वाटतात ते हायपरबोलॉइड आहेत, म्हणजे मध्ये अरुंद आणि दोन्हीकडं फाकत गेलेला आकार, डमरूच्या जातीचा, आणि त्यातल्या मधल्या भोकातून उजेड येतो. गंमत अशी की हे सगळे वळणदार दिसणारे आकार सरळ रेषांचे बनतात. सरळ काठ्या ठराविक रीतीनं एकामागून एक तिरक्या लावत गेलं की वक्र पृष्ठभाग तयार होतो. म्हणजे गवंड्याला दोरी आणि सरळ पट्टी एवढंच लागतं, कोणी त्याच्या डोक्यावर बसून वळण शिकवायची गरज नाही. लोक गाउदीला स्वप्नाळू, वेडा कलाकार वगैरे म्हणतात तेव्हा मला जरा वैताग येतो. हा माणूस साइटवर काम कसं होईल याचा विचार करणारा होता.

चारच्या सुमाराला उजेडाचा खेळ सुरू झाला. काचा जोआन व्हिला-ग्राउ नावाच्या कलाकाराच्या, पश्चिमेकडच्या लाल-केशरी-पिवळ्या. नोव्हेंबरात ऊन खालून, तिरकं येतं, सरळ खिडकीवर आपटतं, आणि खांब, जमीन, माणसांची तोंडं सगळं शेंदरी. खालच्या खिडक्या गडद रंगाच्या आणि वरच्या जवळजवळ पारदर्शक ठेवल्यात, नाहीतर वरच्या छतावरच्या सोनेरी फरशांना उजेडच मिळाला नसता. तिथं बाक आहेत, बसा. आम्ही बसलो, बाबांना कोणीतरी त्या रंगात फोटो काढायला सांगितलं, आम्हीपण काढला, व्हॉट्सॅपवर गावाकडं गेला, पाच मिनिटांत आत्याबाईंचा रिप्लाय, "होळी खेळला का?"

टॉवरचं तिकीट मी आणि नवऱ्यानं काढलं होतं, बाबा खालीच थांबले. लिफ्टनं वर, येताना जिना. वर गेल्यावर शिखरांवरच्या फळांच्या टोपल्या अगदी समोर येतात, रंगीत काचांच्या तुकड्यांनी मढवलेल्या, आणि क्रेन. उतरताना गोगलगाईच्या शंखासारखा अरुंद गोल जिना, आतल्या बाजूला कठडा नाही, मधून सरळ खाली दिसतं. गुडघे किंवा चक्कर यांचा त्रास असेल त्यांनी पैसे वाचवावेत.

मग एका कोपऱ्यातला रोझरीचा दरवाजा, तो हमखास चुकतो. तिथं एका सैतानी जनावराकडून एक कामगार बॉम्ब घेतोय असं कोरलंय. गोल, खिळे असलेला, त्या काळी अराजकवादी वापरायचे तसा. १८९३ मध्ये बार्सिलोनाच्या लिसेऊ ऑपेरा हाउसमध्ये असलेच बॉम्ब टाकले होते, वीस माणसं मेली होती. चर्चच्या भिंतीवर ताज्या बातमीतला बॉम्ब. आणि पुढं जुलै १९३६ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा अराजकवाद्यांनीच इथं आग लावली, गाउदीचं वर्कशॉप गेलं, ड्रॉइंग जळाली, प्लास्टरची मॉडेलं फोडली.

ती फुटकी मॉडेलं खाली म्युझिअममध्ये आहेत आणि माझ्या मते तिकिटाचे निम्मे पैसे तिथंच वसूल होतात. तुकडे गोळा करून, मापं घेऊन, कुठला तुकडा कुठल्या आकाराचा हे शोधत पुढच्या आर्किटेक्टांनी काम चालू ठेवलं. सरळ रेषांची भूमिती असल्यामुळंच हे जमलं, एक तुकडा सापडला की अख्खा आकार गणितानं काढता येतो. नंतर विमानं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर आलं, मार्क बरी नावाचा न्यूझीलंडचा आर्किटेक्ट १९७९ पासून दशकानुदशकं यात होता. काचेपलीकडं आजचं मॉडेल वर्कशॉप दिसतं, माणसं काम करत असतात. मोन्जुइकची खाण १९५० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळं दगड आता बाहेरून येतो, काही तर इंग्लंडमधून. मधल्या नवीन टॉवरांचे दगड तर शहराबाहेर पॅनेल करून आणतात, दगडाला भोकं पाडून आत स्टीलचे बार ताणून बसवलेले. "प्रीस्ट्रेस!" बाबा ओरडलेच. "पुलाच्या गर्डरला करतो तसं, पण दगडाला!" यामुळं वजन कमी होतं, आणि जुन्या पायावर एवढा उंच टॉवर न्यायचा तर वजनाला जपावंच लागतं. आत काँक्रीटही भरपूर आहे, ते काही लपवलेलं नाही, पण ब्रोशरमध्ये ठळक करूनही सांगत नाहीत.

बाहेर पडायचं ते दुसऱ्या बाजूनं, दुःखभोगाच्या. ही शिल्पकार जोसेप मारिया सुबिराक्सची, १९८० च्या दशकाच्या शेवटापासून पुढची. कोरडी, टोकदार, हाडं दिसल्यासारखे तिरके खांब, चौकोनी तोंडाची माणसं, शिपायांच्या शिरस्त्राणांचे आकार गाउदीनं बांधलेल्या पेद्रेरा या इमारतीच्या धुराड्यांवरून घेतलेले. गाउदीची नक्कल करणार नाही ही अट घालूनच सुबिराक्सनं काम घेतलं, स्वतः देवबिव न मानणारा होता, आणि त्याच्या कामाविरुद्ध इथं मोर्चेही निघाले. उलट जन्माच्या बाजूला एत्सुरो सोतो नावाचा जपानी शिल्पकार १९७८ पासून काम करतोय आणि तो पुढं कॅथलिक झाला. मला सुबिराक्स आवडला. दुःखाची बाजू गोड कशाला असावी? येशूला पकडून देणाऱ्या यूदाच्या चुंबनाच्या शिल्पापाशी सोळा आकड्यांचा चौकोन आहे, पहिल्या ओळीत १, १४, १४, ४, कुठूनही बेरीज करा ३३, येशूचं वय. बाबांनी आडव्या, उभ्या, तिरक्या सगळ्या करून बघितल्या. बिलं तपासायची सवय.

त्याच बाजूला कोपऱ्यात एक बुटकी शाळा आहे, १९०९ ची, कामगारांच्या पोरांसाठी गाउदीनं बांधलेली. विटांच्या पातळ भिंती, लाटांसारख्या वळणाच्या, आणि छप्परही लाटांचं. पातळ भिंत सरळ असती तर पडली असती, वळण दिल्यामुळं उभी राहते. छपराला मधोमध एक तुळई, तिच्यावर सरळ वासे, एक इकडं झुकलेला, पुढचा जरा कमी, पुढचा तिकडं झुकलेला, बस, झाली लाट. पावसाचं पाणी आपोआप पन्हाळीत जातं. १९२८ मध्ये ल कॉर्बुझिए हा नावाजलेला आर्किटेक्ट आला होता तर त्यानं या छपराचं स्केच काढून नेलं. बाबा चर्चमध्ये जेवढा वेळ होते त्याच्या निम्मा वेळ या एका शाळेत होते. किती झेडपी शाळा बांधल्या असतील त्यांनी, सगळ्या एका टाइप प्लॅनच्या, पत्रा नाहीतर स्लॅब. "खर्च काहीच नाही याला," एवढंच दोनदा म्हणाले.

शनिवार

पेद्रेरा. माळ्यावर विटांच्या झोकदार कमानी रांगेनं, एकूण २७०, आणि एका खोलीत साखळ्यांचं उलटं टांगलेलं मॉडेल, खाली आरसा. आरशात बघितलं की सुलटी इमारत. गुरुवारची चष्म्याची दोरी अशी आरशात भेटली. गच्चीवर धुराडी. गाउदीचंच बात्यो घर बाहेरूनच बघितलं, तिघांच्या तिकिटात एका दिवसाचं जेवण निघालं असतं. दुपारी सान्त पाऊचं जुनं हॉस्पिटल, दोमेनेक इ मोन्तानेरचं, १९०२ ते १९३० मधलं, साग्रादापासून सरळ एका तिरक्या रस्त्यानं दहा मिनिटं. सुंदर आहे, पण खरं सांगायचं तर पाय दुखायला लागले होते आणि बाबांना भात हवा होता.

रविवार

सकाळी नऊची मिस्सा. फुकट असते, पण जागा मर्यादित, लवकर जाऊन रांगेत उभं राहावं लागतं आणि आत हिंडता येत नाही, फोटो नाही. आधीच सांगते, ही दर्शनाची आयडिया म्हणून वापरू नका, प्रार्थनेला बसायचं असेल तरच जा. बाबांना बसायचं होतं. माळकरी घरातला माणूस, कुठल्याही देवळात तासभर मुकाट बसू शकतो. २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी येऊन ही वास्तू पवित्र केली आणि बॅसिलिकेचा दर्जा दिला, तोच जो आपल्या वांद्र्याच्या माउंट मेरीला आहे, तोवर आतलं काम इतकं उघडं होतं की इथं मोठी उपासना होतच नव्हती, सगळं खाली क्रिप्टमध्ये चालायचं. गाउदी तिथंच पुरलाय. ७ जून १९२६ ला त्याला ट्रामनं उडवलं, कपडे इतके जुनाट की लोकांना भिकारी वाटला, तीन दिवसांनी गेला. एप्रिल २०२५ मध्ये चर्चनं त्याला संतपदाच्या वाटेवरची एक पायरी दिली.

उजेडाबद्दल एक. पूर्वेच्या बाजूच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत आणि सगळे सकाळच्या निळ्या उजेडाचं वर्णन करतात, पण ती बाजू ईशान्येकडं तोंड करून आहे, त्यामुळं नोव्हेंबरात ऊन तिथं थेट असं फारसं पोचत नाही. काचा निळ्या दिसतात, जमिनीवर रंग फारसा पडत नाही. तो पाहिजे असेल तर उन्हाळ्यात जा, हिवाळ्यात दुपारच पकडा.

मिस्सेनंतर मायोर्का रस्त्यावर गेलो, तिथं तिसरी आणि मुख्य बाजू व्हायचीय, गौरवाची. सध्या तिथं सगळा पत्रा, मचाण आणि काँक्रीट. मुख्य दार रस्त्यापेक्षा बरंच उंचावर आहे, तिथं चढायला भला रुंद जिना रस्त्यावरून पलीकडं न्यायचा, हा मूळचा बेत. आणि पलीकडं काय आहे? फ्लॅट. १९७० च्या दशकातल्या इमारती, खाली दुकानं. जिना झाला तर शेकडो कुटुंबं उठवावी लागतील. रहिवासी भांडतायत, महापालिका मधे आहे, आणि काम २०३४ च्या आसपास संपवायचं म्हणतायत. अर्धवट वास्तू पुढं बांधावी का हा वादही जुनाच, १९६५ मध्ये बड्या बड्या आर्किटेक्टांनी काम थांबवा म्हणून जाहीर पत्र काढलं होतं, सहीवाल्यांत तो शाळेचं स्केच काढणारा ल कॉर्बुझिएसुद्धा होता.

नवरा म्हणाला, दीडशे वर्षं बांधायचं आणि मेन एंट्रन्सला जिनाच नाही, असं कसं चालेल, उल्मलासुद्धा १३७७ ते १८९० लागलीच ना. बाबा म्हणाले, "उल्ममध्ये कुणाला उठवलं ते तुला माहितीय का? मी कोयनेच्या भागात काम केलंय. आधी धरण, मग पुनर्वसन, असं असतं ते." नवरा म्हणाला, बिल्डरला तेव्हा परवानगी कुणी दिली, जिना ठरलेला माहीत होता ना. बाबा म्हणाले, "मग ज्यानं दिली त्याला उठवा, राहणाऱ्याला कशाला?" मी बाबांच्या बाजूनं होते आणि तसं म्हणालेही, त्यावर नवऱ्यानं आम्हा दोघांना गाउदीचे शत्रू ठरवलं. विमानतळाच्या बसमध्ये हे चालूच होतं, शेवटी बाबांनी बोर्डिंग पासच्या मागं रस्त्याखालून रॅम्प नेऊन आतून जिना चढवायचा असा एक सेक्शन काढून दाखवला, हेडरूम बसत नव्हती, मग परत खोडून दुसरा काढायला घेतला.